लेट म्हणजे उशीर नव्हे हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात क्रीडा पानावर अगदी तळाला, जाहिरातीच्या डोक्यावर, स्क्वॉशच्या (बंद खोलीत रॅकेटने बॉल भिंतीवर मारायचा तो खेळ) एका मॅचची चार बोटांची बातमी होती. आमच्या घरात ती मी सोडून कुणी वाचली नसणार, आणि खरं सांगायचं तर वर्षापूर्वी मीही वाचली नसती. पण वाचली आणि हातातला चहा तसाच राहिला. एक वाक्य होतं की अमुक खेळाडूने तिसऱ्या गेममधे प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस भेदली. आणि त्याच्या खालीच दुसरं, की 'पंचांनी उशीर दिल्याने गुण पुन्हा खेळवण्यात आला'. पंचांनी उशीर दिला! मी दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मग लक्षात आलं की इंग्रजी बातमीत 'लेट' असणार, कुणीतरी घाईत (किंवा कॉम्प्युटरने) त्याचा उशीर करून टाकला. हसू पण आलं आणि रागही आला, कारण हे एक 'लेट' समजायला मला जवळपास सहा महिने लागलेत, मांडीवर दोन डाग पडलेत आणि एका जिवाभावाच्या मैत्रिणीशी दोन दिवस अबोला धरून झालाय. म्हणून हे पत्र.

आधी मी कोण ते सांगते. मी काही खेळाडू वगैरे नाही. वय ४७, पुण्यात वाकडला राहते, नोकरी बसून करायची, शाळेत लंगडी सोडली तर मैदानाशी संबंध नाही. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधे एक स्क्वॉश कोर्ट आहे, बिल्डरच्या ब्रोशरमधे त्याचा चकचकीत फोटो बघून आम्ही सगळ्यांनी फ्लॅट घेतले आणि नंतर सात वर्षं त्यात गणपतीचं मखर, थर्माकोल, दिवाळीचे मोठे कंदील आणि एक मेलेली ट्रेडमिल ठेवली. पोरं त्याला 'आवाजाची खोली' म्हणायची, कारण आत ओरडलं की घुमतं. मग मागच्या वर्षी क्लबहाऊसला नवीन सुपरवायझर आले, साठीच्या पुढचे, साताऱ्याकडचे, आणि आल्या आल्या त्यांनी पहिलं काय केलं तर ते मखर बाहेर काढलं. कमिटीत ओरड झाली. पण काका शांत. म्हणाले, कोर्ट आहे ते, गोडाऊन न्हाई. नंतर कळलं की ते तीसेक वर्षं एका आर्मी मेसच्या स्क्वॉश कोर्टवर मार्कर होते.

मार्कर म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत नसतं म्हणून सांगते. मॅचमधे जो माणूस मागे उभा राहून स्कोअर पुकारतो तो मार्कर, ही झाली पुस्तकातली व्याख्या. पण आपल्याकडच्या जिमखान्यात, मेसमधे मार्कर म्हणजे सगळंच. कोर्ट पुसायचं, रॅकेटला गट (म्हणजे तिची जाळी) घालायचं, साहेबाला पार्टनर नसेल तर स्वतः खेळायचं, साहेबाच्या पोराला शिकवायचं, आणि साहेबाला फार जोरात हरवायचं नाही. काका हे शेवटचं सांगतात तेव्हा मिशीत हसतात.

तर काकांनी मला आणि ए विंगमधल्या माझ्या मैत्रिणीला शिकवायला घेतलं. आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, स्क्वॉश? लिंबाचं की संत्र्याचं? असो.

पहिली फजिती बॉलची. मी उत्साहाने ऑनलाईन सगळ्यात भारी बॉल मागवला, दोन पिवळे ठिपके असलेला. कोर्टवर टाकला तर उडेचना. म्हणजे जमिनीवर आपटला की पोहे खाऊन झोपलेल्या माणसासारखा तिथेच. मला वाटलं डिफेक्टिव्ह पीस आला, रिटर्न टाकावा. काकांनी हातात घेतला, दाबला, म्हणाले ताई ह्यो मेलेला न्हाई, थंड हाय. मग त्यांनी एकट्याने पाच मिनिटं तो भिंतीवर असा काही हाणला की बॉल खरंच गरम झाला, हातात दिला तर उकडून सोललेल्या अंड्यासारखा लागला, आणि मग बऱ्यापैकी उडायला लागला. आतून पोकळ रबर, २४ ग्रॅम वजन, ४० मिलिमीटर व्यास, आणि तापल्याशिवाय उडत नाही, हीच तर सगळी गंमत. म्हणूनच मॅचच्या आधी चार मिनिटं दोघांनी मिळून बॉल तापवायचा अशी रीतच आहे, आणि त्यातही निम्म्या वेळाने बाजू बदलायची, बॉल एकट्याने अडवून नाही ठेवायचा. दोन पिवळे ठिपके म्हणजे सगळ्यात कमी उडणारा, वर्ल्ड चॅम्पियन लोकांचा. एक पिवळा ठिपका थोडा उडणारा, मग लाल, आणि निळ्या ठिपक्याचा तर जरा मोठा आणि चांगला टपटप उडणारा, नवशिक्यांसाठी. दुकानदार हे सांगत नाहीत. भारी म्हणून दोन ठिपकेवाला गळ्यात मारतात, माणूस दोन दिवस खेळतो, रॅली (दोघांनी आळीपाळीने बॉल मारत राहणं) होतच नाही, आणि रॅकेट माळ्यावर जाते. काकांचं म्हणणं असं की सोसायटीतली निम्मी कोर्टं बॉलच्या ठिपक्यामुळे बंद पडलीयत. पटतं मला ते.

दुसरी फजिती लाल रेषांची. समोरच्या भिंतीवर तीन. सगळ्यात वरची १५ फुटांवर, ती आउट. मधली १.७८ मीटरवर, ती फक्त सर्व्हिससाठी, बाकी खेळात तिच्याकडे बघायचंच नाही. आणि सगळ्यात खाली टिन, म्हणजे पत्र्याची पट्टी, ४८ सेंटिमीटर उंच, मोठे प्रोफेशनल लोक खेळतात तेव्हा ती ४३ची असते. बॉल पत्र्याला लागला की ठण्ण असा आवाज येतो, पॉइंट गेला, त्याला 'डाऊन' म्हणायचं. सुरवातीचे दोन महिने आमच्या क्लबहाऊसमधून फक्त ठण्ण ठण्ण येत होतं, खालचा वॉचमन विचारायचा की मॅडम काम कुठे चालू आहे. आणि टेनिस बघून बघून डोक्यात बसलेलं असतं की रेषेला लागला तर आत. इथे उलटं. रेषेला लागला की आउट, आउटची असो नाहीतर सर्व्हिसची. मी याच्यावर काकांशी चक्क भांडले होते, रेषा कोर्टाचीच आहे ना म्हणून. तर म्हणाले, ताई, उंबरा घरात धरता का अंगणात? मला उत्तर देता आलं नाही.

कोर्ट ३२ फूट लांब आणि २१ फूट रुंद, म्हणजे गुणाकार करा, ६७२ स्क्वेअर फूट. पुण्यात एवढ्यात टू बीएचके विकतात! आणि त्या टू बीएचकेमधे दोन माणसं, दोघांच्या हातात २७ इंची रॅकेट, मधे जाळी नाही, माझी बाजू तुझी बाजू नाही, दोघंही एकाच भिंतीकडे तोंड करून एकाच बॉलमागे पळतायत. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. स्क्वॉशवाल्यांनी राहवून दाखवल्या, आणि त्या कशा राहायच्या याचं जे कलम आहे ना तेच ते 'लेट'.

पण त्याच्या आधी सर्व्हिस आणि स्कोअर पटकन सांगते कारण तुमच्या त्या 'भेदली'चा संबंध इथे आहे. सर्व्हिस करताना एक पाय तरी जमिनीवर आखलेल्या सर्व्हिसच्या चौकोनात टेकलेला हवा आणि त्याचा कुठलाही भाग रेषेला लागता कामा नये, बॉल थेट समोरच्या भिंतीवर मधल्या आणि वरच्या रेषेच्या मधे लागला पाहिजे आणि परत येऊन समोरच्याच्या मागच्या चौकटीत पडला पाहिजे, अर्थात त्याने आधीच हवेत मारला नाही तर. एकच चान्स, टेनिससारखी दुसरी सर्व्हिस नाही. पॉइंट जिंकत राहिलात तर चौकोन बदलत राहायचा, डावा उजवा डावा उजवा. गेम ११ चा, १०-१० झालं की दोनचा फरक लागतो, पाचात तीन गेम जिंकणारा विजयी. आणि रॅली जो जिंकेल त्याला पॉइंट, सर्व्हिस कुणाची का असेना, आणि पुढची सर्व्हिसही त्याचीच. आता सांगा, यात 'भेदायला' काय आहे? दर दुसऱ्या पॉइंटला सर्व्हिस इकडची तिकडे होते. त्याला हँड-आउट म्हणतात. टेनिसमधे सर्व्हिस म्हणजे तोफ असते म्हणून ती भेदली की बातमी होते, इथे सर्व्हिस म्हणजे नुसतं 'चला सुरू करूया'.

पूर्वी मात्र वेगळं होतं, काकांच्या उमेदीच्या काळात. गेम ९ चा, आणि पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच. दुसऱ्याने रॅली जिंकली तर त्याला नुसती सर्व्हिस मिळायची, पॉइंट नाही. म्हणजे अर्धा तास धावून स्कोअर तिथल्या तिथे. १९८३ मधे इंग्लंडात पाकिस्तानचा जहांगीर खान आणि इजिप्तचा गमाल अवाद यांची मॅच २ तास ४६ मिनिटं चालली होती, त्यातला पहिला गेमच १ तास ११ मिनिटांचा, आणि तो जहांगीर हरला होता! पुढचे तीन घेऊन मॅच जिंकला. पुरुषांच्या प्रोफेशनल स्पर्धांनी २००४ मधे ११ ची पद्धत घेतली, पुढे बायकांनी, आणि २००९ पासून सगळीकडेच. काकांना नवीन पद्धत आवडत नाही. म्हणतात यात माणूस दमायच्या आत मॅच संपते. मला तर १५ मिनिटांत धाप लागते तेव्हा मी यावर मत देत नाही.

आता मुद्द्याचं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी आणि मैत्रीण खेळत होतो, ८-८ असा स्कोअर, दोघींनाही घाम फुटलेला आणि जिंकायचं भूत चढलेलं. मी जरा मधे, म्हणजे ज्याला टी म्हणतात तिथे, बॉल मारून तशीच उभी राहिले. बॉल माझ्या मागे गेला. तिने मागून जो सणसणीत हाणला तो थेट माझ्या मांडीच्या मागच्या बाजूला. आई गं! आवाज असा आला की काका ऑफिसमधून पळत आले. मी खाली बसले, डोळ्यात पाणी. तो डाग मी नंतर आरशात बघितला, मधे पांढरी टिकली आणि भोवती लालबुंद रिंगण, एकदम गोल, कंपासने काढल्यासारखी, पुढे आठवडाभर तिचे जांभळे हिरवे पिवळे असे सगळे रंग झाले.

मैत्रीण सॉरी सॉरी करत होती, मी म्हटलं जाऊदे, निदान पॉइंट माझा. तर काका दारातूनच म्हणाले, न्हाई ताई, पॉइंट त्यांचा.

म्हणजे मार पण मीच खायचा आणि पॉइंट पण मीच द्यायचा! हा कुठला न्याय? मला वाटलं काका मस्करी करतायत. नव्हते करत. त्यांनी मला जिथे उभी होते तिथेच परत उभं केलं, मैत्रिणीला तिच्या जागी, आणि म्हणाले आता तुमच्या मागनं भिंतीकडं बघा, बॉल कुठं निघाला होता? सरळ समोरच्या भिंतीकडे. मधे कोण होतं? मी. नियम असा की बॉल थेट समोरच्या भिंतीकडे चाललेला असेल, नीट लागणार असेल, आणि मधे तुमचं अंग आलं, तर चूक तुमची, कारण मारणाऱ्याला समोरची अख्खी भिंत मोकळी मिळाली पाहिजे हा त्याचा हक्क आहे. त्याला म्हणतात स्ट्रोक. पॉइंट त्याला. तोच बॉल आधी बाजूच्या भिंतीला लागून मग समोर जाणार असता, तर लेट, म्हणजे पॉइंट कुणालाच नाही, पुन्हा खेळा. मैत्रीण म्हणाली, हो मग माझाच. इतक्या पटकन म्हणाली ना, की तिथेच बिनसलं. दोन दिवस लिफ्टमधे सुद्धा आम्ही वेगवेगळ्या कोपऱ्यात.

दोन दिवस मी तेच डोक्यात घोळवत होते आणि मग हळूहळू उजेड पडला. एक म्हणजे जिला मार लागला तिला पॉइंट असं असतं तर लोक मुद्दाम मधे उभे राहिले असते. आणि दुसरं म्हणजे यात कोण वाईट कोण चांगलं असा प्रश्नच नाही, प्रश्न एवढाच की वाट कुणाची होती. ज्याची मारायची पाळी आहे त्याला चार गोष्टी मिळाल्याच पाहिजेत: बॉल दिसला पाहिजे, बॉलपर्यंत सरळ जाता आलं पाहिजे, रॅकेट नीट फिरवता आली पाहिजे, आणि समोरची भिंत मोकळी पाहिजे. तुम्ही मारून झालं की तुमचं काम एकच, त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं, तेही अगदी मनापासून, नुसतं दाखवायला नाही. लोकलला दारात उभं राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. उतरणाऱ्याला आधी वाट द्या, मग तुमचं ते काय ते.

आणि अडथळा झालाच तर? तर मारायचं नाही. थांबायचं. थांबून म्हणायचं 'लेट प्लीज'. हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आपल्याला लहानपणापासून शिकवतात की प्रयत्न सोडू नको, संधी सोडू नको. इथे हातात आलेला बॉल सोडायचा, कारण समोर माणूस आहे. रॅकेट वर उचललेली, बॉल एकदम मोक्यावर, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात मैत्रिणीचा खांदा दिसला की हात तिथल्या तिथे थिजला पाहिजे. मागच्या भिंतीवरून बॉल फिरून येतो आणि आपणही त्याच्याबरोबर गर्रकन फिरतो तेव्हा तर हमखास थांबावं, कारण समोरच्याला आपण कुठून मारणार याचा पत्ताच नसतो.

मग लेट मागितल्यावर तीन उत्तरं. तुम्ही बॉलपर्यंत पोचला असतात, नीट परत मारला असतात, पण समोरचा वाटेत आला आणि त्याने बाजूला व्हायचा खराखुरा प्रयत्न केला होता, तर लेट, रॅली पुन्हा. तुम्ही तो पॉइंट जिंकलाच असतात, किंवा त्याने हटायचा प्रयत्नच केला नाही, किंवा तो सरळ भिंतीच्या वाटेत उभा राहिला, तर स्ट्रोक, पॉइंट तुम्हाला. आणि तुम्ही मुळात पोचणारच नव्हता, किंवा अडथळा नावालाच होता आणि तुम्ही उगाच जाऊन धडकून तोंड वेडंवाकडं केलंत, तर नो लेट, पॉइंट त्याला. तिसऱ्या प्रकारात मी भरपूर नाव कमावलंय. बॉल कोपऱ्यात मरून पडलेला असायचा आणि मी मैत्रिणीच्या पाठीशी जाऊन लेट प्लीज लेट प्लीज. काका हळूच विचारायचे, ताई, खरं सांगा, पोचला असता? मोठी वाईट जागा असते ती. कारण आमच्याकडे पंच नाही, मार्कर नाही, काका पण रोज नसतात, दोघीच असतो, आणि खरं काय ते फक्त माझ्या गुडघ्यांना माहीत असतं.

बॉल दोन टप्पे पडला आणि मग मी उचलला, हे पण बऱ्याचदा मलाच कळतं, तिला माझ्या पाठीमुळे दिसतच नाही. त्याला 'नॉट अप' म्हणतात आणि ते आपणच आपल्या विरुद्ध पुकारायचं असतं. पहिल्यांदा मी पुकारलं तेव्हा ९-१० होतं आणि त्या एका शब्दाने गेम गेला. मैत्रिणीने बॉल हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि मग आम्ही दोघीही काही न बोलता पाणी प्यायला बाहेर गेलो. अबोला कधीचा संपला होता खरा पण मला वाटतं तो खऱ्या अर्थाने तेव्हा संपला.

तर संपादक महोदय, या 'लेट'चा घड्याळाशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत लेट म्हणजे अडथळा, अटकाव, तोच शब्द खेळांत उरलाय. मराठीत त्याला काय म्हणावं मला सांगता येत नाही, 'पुन्हा' म्हटलं तरी चालेल, गल्लीतल्या पोरांनी विटीदांडूत आणि क्रिकेटमधे 'रीट्राय', 'टाइम प्लीज' असं काय काय केलंच आहे. लेट तसंच ठेवलंत तरी हरकत नाही. फक्त उशीर नको.

तुम्ही म्हणाल, बाई, एका शब्दाचं एवढं काय. सांगते. ऑक्टोबर २०२३ मधे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन आपल्या मुंबईत झालं, आणि तिथेच ठरलं की २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधे स्क्वॉश असणार, पहिल्यांदाच. त्याच बैठकीत क्रिकेट पण आलं, मग काय, स्क्वॉशकडे कोण बघतो! पण गंमत बघा, त्याच्या दोनच आठवडे आधी हांगझोऊच्या एशियन गेम्समधे आपल्या पुरुषांच्या टीमने फायनलला पाकिस्तानला २-१ हरवून गोल्ड मिळवलं होतं, आणि त्या टीममधे आपला मुंबईचा महेश माणगावकर होता. पहिली मॅच आपण हरलो, दुसरी सौरव घोषालने काढली आणि तिसरी अभय सिंगने, पाचव्या गेममधे १२-१० अशी. तो १२-१० म्हणजे काय हे ज्याला दोनच्या फरकाचा नियम माहीत आहे त्याच्याच अंगावर काटा येईल ना? बाकीच्यांना तो नुसता आकडा. जोश्ना चिनप्पा आणि दीपिका पल्लीकल यांनी २०१४ मधे ग्लासगोला कॉमनवेल्थ गोल्ड आणलं, स्क्वॉशमधलं आपलं कॉमनवेल्थचं पहिलंच मेडल, ते सुद्धा असंच आलं आणि गेलं.

मुंबईचा संबंध तर त्याहून जुना आहे. १९४४ मधे मुंबईत अखिल भारतीय स्पर्धा झाली ती पेशावरकडच्या हाशिम खानने जिंकली. हा माणूस मूळचा कोण, तर ब्रिटिश ऑफिसरांच्या क्लबात बॉल उचलून देणारा पोरगा. साहेब लोक गेले की उन्हात अनवाणी सिमेंटच्या कोर्टवर एकटाच खेळायचा. पुढे १९५१ मधे ब्रिटिश ओपन जिंकला आणि त्याच्या घराण्याने जवळपास अर्ध शतक हा खेळ ताब्यात ठेवला. हे मी काकांना वाचून दाखवलं. काका ऐकत होते, हातात माझ्या रॅकेटचं जुनं गट होतं ते सोडवत होते, म्हणाले म्हंजे आमच्यातलाच की वो. आणि परत गट सोडवायला लागले.

एक सूचना आहे. रोज नको, आठवड्यातून एकदा क्रीडा पानावर एका खेळाचा एकच नियम, चार ओळीत, सोबत साधं रेखाचित्र, असं देता येईल का? कबड्डीतला बोनस आपल्याला कळतो, क्रिकेटची एलबीडब्ल्यू तर आमच्या सासूबाई पण समजावून सांगतात, कारण तीस वर्षं वाचून ऐकून झालंय. लेट आणि स्ट्रोक त्याहून अवघड नाहीयेत, कुणी मराठीत सांगितलेच नाहीत एवढंच. मला इंग्रजी व्हिडिओ बघून जे कळलं नाही ते काकांच्या उंबऱ्याने कळलं.

आणि पोरांसाठी एक गोष्ट मात्र ठळक अक्षरात छापा, ती म्हणजे गॉगल. टेनिसचा बॉल मोठा असतो, डोळ्याच्या कडेच्या हाडावर अडतो. स्क्वॉशचा बॉल छोटा आहे, तो सरळ खोबणीत बसतो. ज्युनिअर स्पर्धांमधे आणि डबल्सला संरक्षक चष्मा सक्तीचा आहे, पण सोसायट्यांमधे कोण बघतो. मी माझ्या नंबरच्या चष्म्यावरच खेळत होते, काकांनी एक दिवस कोर्टवर येऊच दिलं नाही. तेव्हा राग आला होता. मांडीवरचा तो डाग आठवला आणि जाऊन गॉगल घेऊन आले.

तुमच्या त्या बातमीचं कात्रण काकांनी क्लबहाऊसच्या नोटीस बोर्डवर लावलंय, 'उशीर'खाली लाल पेनाने रेघ मारून. कोर्टवर कुणी बुकिंगला दहा मिनिटं उशिरा आलं की म्हणतात, या, पंचांनी दिलाय तुम्हाला.

पत्र फार लांबलं याची कल्पना आहे आणि आपण कापणार हेही माहीत आहे. कापायचंच असेल तर मखराचं कापा, आमच्या ह्यांच्या सरबताचं कापा, जहांगीर खान पण गेला तरी चालेल. लेट, स्ट्रोक आणि गॉगल तेवढं ठेवा.

आपली एक नियमित वाचक,
वाकड, पुणे